नावेचं इंजिन आणि रविवारचे पाहुणे

आमच्या घराला दोन खोल्या होत्या, एक ओसरी होती, आणि कधीही मोजलं तरी तीन-साडेतीन इंजिनं होती. साडेतीन अशासाठी, की एक नेहमी अर्धं उघडलेलं असायचं आणि त्याचा दुसरा अर्धा भाग घरभर पसरलेला असायचा. तन्वी, मागे तू फोनवर विचारलं होतंस, "आजी, तू इंग्रजी कुठं शिकलीस?" मी "शाळेत" म्हणाले आणि विषय संपवला, कारण तुमच्याकडे तेव्हा सकाळ होती आणि तुम्हा दोघा भावंडांना बस पकडायची होती. ते उत्तर अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आता लिहून ठेवते. तारखा मला विचारू नका, त्या माझ्याही लक्षात नाहीत. मी मॅट्रिकच्या परीक्षेला नुकतीच बसले होते आणि त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता, एवढं पुरे.

माझे वडील, आबा, जालन्यात मस्तगडला राहणारे मिस्त्री होते. दिवसा एका ठेकेदाराचे ट्रक दुरुस्त करायचे आणि घरी आले की स्वतःच्या हौसेची कामं काढायचे. जुन्या काळातल्या जहागीरदारांच्या मोटारी तेव्हा कुठल्या कुठल्या गोठ्यांत कडब्याखाली पडलेल्या असत. त्यांची इंजिनं बैलगाडीतून आमच्याकडे यायची. आबा ती उघडायचे, धुवायचे, घासायचे, आणि सहा महिन्यांनी त्यातलं एखादं खोकत, धूर सोडत जिवंत व्हायचं. मी झोपेतून उठायचे ती आवाजावरून. वाल, म्हणजे इंजिनाच्या झडपा, आपापल्या बैठकीवर पेस्ट लावून घासताना चर्र-चर्र, चर्र-चर्र असा एकसारखा आवाज होतो, तो थांबला की मला जाग यायची. आईच्या भाकरीला डिझेलचा वास यायचा, अशी माझ्या मैत्रिणींची तक्रार होती. मला तो वास कधी आला नाही. मला वाटायचं, ज्वारीचाच वास तसा असतो.

आईने सुरुवातीला विरोध केला असावा, पण माझ्या आठवणीत ती तडजोड करून टाकलेली बाई आहे. शेंगदाण्याची चटणी ती एका मोटारीच्या पिस्टनच्या पिनेने कुटायची. ती पिन गुळगुळीत, जड आणि हाताच्या मुठीत बरोब्बर बसणारी होती, आणि तिच्यासारखी चटणी बत्त्याने होत नाही असं तिचं म्हणणं होतं. माझी शाईची दौत एका पिस्टनमध्ये उभी असायची. बेअरिंग तेलात तापवायला आबा कधी कधी चुलीवर कढई ठेवायचे. एकदा शेजारच्या सखूबाईंनी भजी समजून झाकण उचललं, आत बघितलं, आणि झाकण परत ठेवलं. आईला नंतर म्हणाल्या, "तुमच्यात काय काय खात्यात बाई."

अशा घरात एक दिवस हुसेनभाई नावेचं इंजिन घेऊन आले.

हुसेनभाई गोदावरीच्या काठचे. नदीला पाणी असलं की ते नावेने माणसं, शेळ्या, लग्नाची वऱ्हाडं या तीरावरून त्या तीरावर पोचवायचे. वल्ही मारून त्यांचे खांदे गेले होते. मुंबईच्या गोदीतल्या भंगारातून त्यांनी एका मोटारबोटीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणलं होतं. ते खाऱ्या पाण्याने इतकं गंजलेलं होतं की गाडीतून उतरवताना त्याचं लाल पीठ खाली पडत होतं. इंजिनाबरोबर एक इंग्रजी पुस्तक होतं, मेणकापडात गुंडाळलेलं. इंजिनापेक्षा पुस्तक फार चांगल्या स्थितीत होतं. कोणी ते कधी उघडलेलंच नसावं.

जालन्यात त्या वेळी नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं, आणि कुंडलिकेच्या पात्रात पोरं विटी-दांडू खेळायची. आईने ओसरीत उतरवलेल्या त्या धुडाकडे बघितलं आणि म्हणाली, "प्यायला पाणी न्हाई अन् घरात नावेचं इंजिन."

"गोदावरीला हाय ना पानी," हुसेनभाई म्हणाले. "भाभी, पाऊसकाळात या एकदा. फुकट फिरवून आणतो. क्या बात है, बिलकुल हवेवानी जाईल नाव."

"मला कुठं हवेवानी जायचंय?" आई म्हणाली.

काम सुरू झाल्यावर कळलं की या इंजिनाला मोटारीसारखा पाण्याचा रेडिएटर नाही. त्याला गरजच नव्हती. ज्या नदीवर ते चालायचं तिचंच पाणी एका नळीने आत ओढायचं, अंगातून फिरवायचं आणि दुसऱ्या नळीने गरम करून बाहेर टाकायचं. म्हणजे ते चालवून बघायचं तर त्याला आख्खी नदी लागणार होती. आबांनी दोन मोठी पिंपं आणली. एक थंड पाण्याचं, एक गरम पाण्याचं. आईने ते बघितलं आणि त्या दिवशी स्वयंपाक उशिरा केला.

आता माझी चूक सांगते. आबा कुठलंही इंजिन उघडताना सुटा केलेला प्रत्येक भाग एका बाजेवर मांडायचे. जो आधी निघाला तो उशाला, जो शेवटी निघाला तो पायथ्याला. पहिल्या सिलिंडरचं डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. त्या बाजेला हात लावायचा नाही, हा घरातला एकच लेखी नसलेला कायदा होता. तो मला माहीत होता. पण एका दुपारी आबा कामावर होते, आई दळणाला गेली होती, आणि मी त्या बाजेकडे बघत बसले होते. मोठ्या नटाशेजारी बारीक स्प्रिंग, तिच्याशेजारी वाल, मग पुन्हा नट. मला ते बघवेना. मी आईचे रिकामे डबे काढले, राखेने घासले, आणि सगळं लावलं. नट सगळे एका डब्यात, मोठ्यापासून लहानापर्यंत. स्प्रिंगा एका डब्यात. वाल एका ताटात, चमकवून. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली, सुवाच्य अक्षरात. आजही मला वाटतं की दिसायला ते फार सुंदर दिसत होतं.

आबा संध्याकाळी आले, बाजेकडे बघितलं. मग ते खाली बसले. वाल सगळे सारखे दिसतात, पण प्रत्येक जण वर्षानुवर्षं एकाच भोकात वरखाली होऊन तिथलाच झालेला असतो. कोणता कुठला हे मी पुसून टाकलं होतं, अक्षरशः, राखेने घासून.

"आबा, मी आवरलं," मी म्हणाले.

"दिसून राह्यलं," आबा म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी ते उठले, जेवले, आणि मला म्हणाले, "ते पुस्तक आण." तोपर्यंत ते पुस्तक आम्ही उघडलं नव्हतं. मला मॅट्रिकचं इंग्रजी येत होतं, आबांना मुळीच येत नव्हतं. मी शब्दकोश घेऊन बसले. तिसऱ्या भागात एक ओळ सापडली, की प्रत्येक सुट्या भागावर त्याच्या सिलिंडरचा आकडा ठोकलेला आहे. आम्ही सखूबाईंच्या सासऱ्यांचं भिंग मागून आणलं. गंजाखाली, तिळाएवढे, आकडे होते. आठ दिवस मी भिंग धरून आकडे वाचले आणि आबांनी वाल घासले. शेवटचा भाग आपल्या जागी बसला तेव्हा आबा म्हणाले, "आतापासनं पुस्तक म्हणंल तसं. रोज एक भाग. पान उलटून पुढं बघायचं न्हाई, मधलं गाळायचं न्हाई." त्या दिवसाचा भाग मी पाटीवर मराठीत लिहून ओसरीच्या खुंटीला अडकवायचे, आणि आबा तो वाचून तेवढंच काम करायचे. जोडणी, तेल, पाणी, असं करत आम्ही सातव्या भागाजवळ आलो. सातवा भाग होता इंजिन सुरू करण्याचा.

याच सुमारास सोजरआत्या आली. आबांची थोरली बहीण. आबा तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली, आणि सोजरआत्याने, जी स्वतः तेव्हा दहा वर्षांची होती, त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. आबा तिला आक्का म्हणायचे. आयुष्यात त्यांनी आक्काला कधी नाही म्हटलं नव्हतं. तिने आंब्याच्या मोसमात पेरू मागितला असता तर ते सायकल काढून निघाले असते. ती आली ती येसरचा मसाला फडक्यात बांधूनच आली, आणि येसर आमच्याकडे लग्नाच्या जेवणालाच लागतो. त्यावरून मी समजायचं ते समजले.

"परतूरकडचं स्थळ हाय," ती म्हणाली. "पिठाची गिरणी हाय त्यांची. आपल्यातलेच, शिकलेले लोकं. रविवारी येऊन राह्यले."

"रविवारी इंजिन चालू करायचंय, आक्का," आबा म्हणाले. "सोमवारी सकाळी हुसेनभाई गाडी घिऊन येनार."

"मंग कर की. तुझ्या इंजिनाचं अन् माझ्या पाव्हण्याचं काय भांडण हाय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला औरंगाबादला कॉलेजात जायचं होतं. हे आम्ही दोघं मोठ्याने कधी बोललो नव्हतो, पण फॉर्म आणून तो आबांच्या पान्यांच्या पेटीत, सर्वांत खाली, तेलकट कागदात ठेवलेला होता. जूनच्या आत तो भरायचा होता. आबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "बरं, आक्का."

मी त्यावर काय बोलले, असं तुम्ही विचाराल. काही नाही. घरात पाहुणे बोलणी करत असताना मुलीने आपल्या लग्नाबद्दल बोलणं हे आमच्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. रडणाऱ्या मुली होत्या, पण रडण्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावायचा.

शनिवारी संध्याकाळी मी सातवा भाग संपवला. आठवा रविवारी संध्याकाळी वाचायचा होता.

पाहुणे सकाळी यायचे ते एसटी बंद पडल्यामुळे दुपारी दोनला आले, नेमके आबा पिंपात नळी सोडत असताना. मुलाचे वडील, विश्वनाथराव, उंच, पांढऱ्या धोतरातले गृहस्थ होते. मुलगा रुमालाची घडी मांडीवर ठेवून बसला आणि त्यांनीच आणलेल्या मोसंब्यांच्या पिशवीकडे बघत राहिला. त्याची आई आली नव्हती, तिचे पाय दुखत होते. मी पदर सावरून चहा घेऊन गेले. विश्वनाथरावांनी रीतीप्रमाणे नाव विचारलं, मी सांगितलं. मग त्यांची नजर अंगणात गेली.

"हे काय हाय, मिस्त्री?"

"नावेचं इंजिन."

"जालन्यात?"

"हौ."

विश्वनाथरावांनी कप खाली ठेवला आणि उठून अंगणात गेले. त्यांच्या गिरणीला इंजिनच होतं, वीज तिकडे तेव्हा पोचायची होती. त्यांनी मला विचारलं, "पानी कुठून घेतं हे?" आणि मी सांगितलं. "अन् सोडतं कुठं?" तेही सांगितलं. वाल किती, तेल कुठून जातं, सगळं विचारलं, आणि मी पाठ झालेलं सगळं सांगत गेले. आत्याचा चेहरा उजळत चालला होता. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मुलीला स्वयंपाक येतो का हे विचारायला आलेला माणूस, गिरणीच्या इंजिनाला सून मिळाली या आनंदात होता.

"लावून बघू," विश्वनाथराव म्हणाले आणि त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला.

आबा आणि विश्वनाथराव दोघं हँडलला लागले. पाटीवरच्या क्रमाने मी सांगत होते. डिझेलचा कॉक उघडा. हवेचा खटका वर. फिरवा. फिरवा. आता खटका खाली. इंजिन एकदा ढेकर दिल्यासारखं झालं, एकदा थुंकलं, आणि मग त्याने जो आवाज केला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. नावेवर त्याचा धूर पाण्याखाली सुटत असणार, त्यामुळे आवाज बुडत असणार. इथे तो सरळ सखूबाईंच्या भिंतीवर सुटला. पत्रे थरथरू लागले. आईचे डबे फळीवरून चालत चालत कडेला आले. आतल्या खोलीत बुद्धाची तसबीर तिरकी झाली, चेहरा मात्र शांत. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुराचं असेल. दुसऱ्या नळीतून कढत पाणी पिंपात पडू लागलं.

थोड्या वेळाने आबांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले. म्हणजे, आता बंद कसं करायचं? मी पुस्तक उघडलं आणि आठवा भाग काढला. तीन ओळींचा होता. डिझेलचा कॉक बंद करा, एवढंच त्यात सांगितलं होतं. वाचायला मला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

मी मान वर केली, तर आत्या तोंड हलवत होती. तिचा आवाज येत नव्हता. ती माझ्याकडे बोट दाखवत होती, मुलाकडे दाखवत होती, दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवत होती. विश्वनाथराव कानामागे हात धरून मान हलवत होते. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खुंटीवरची माझी पाटी काढली, सातवा भाग बाहीने पुसला, आणि लिहिलं, 'मुलगी पसंत आहे.'

मी पुस्तक मिटलं नाही. त्यात मान घातली आणि पान उलटलं, जणू अजून शोधते आहे. मुलांनो, मी शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं आणि खोटं बोलणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं केलं, म्हणून हे तुम्हाला सांगणं भाग आहे.

एव्हाना गल्ली दारात जमली होती. थंड पाणी संपत आलं होतं, आणि ते संपलं असतं तर इंजिन तापून कायमचं जाम झालं असतं. आईने एकदा आबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कळशी घेऊन सखूबाईंच्या घरात शिरली. सखूबाई पाणी द्यायला तयार नव्हत्या, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग आईने त्यांना कढत पाण्याच्या पिंपाकडे नेलं. सखूबाईंनी बोट बुडवून बघितलं. पाच मिनिटांत अंगणात रांग लागली. एक बादली थंड ओतायची, एक बादली गरम न्यायची. सरपण तेव्हा महाग होतं. कोणी धुणं आणलं, कोणी पोरांना टॉवेल गुंडाळून आंघोळीला आणलं. आई हाताने खुणा करून रांग सरळ करत होती.

पाटी आबांकडे आली होती. तिच्यावर विश्वनाथरावांनी लिहिलं होतं, 'तुमचं काय?' आबांनी पेन्सिल धरली. अक्षर काढायला त्यांना वेळ लागायचा, पण इतका नाही. त्यांनी आक्काकडे बघितलं. ती हसून मान डोलवत होती. मग त्यांनी काही न लिहिता पाटी माझ्या हातात दिली.

बोलता मला आलं नसतं. लिहिता येत होतं. मी समास सोडला, रेघ मारली आणि लिहिलं, 'मला औरंगाबादला कॉलेजात शिकायचं आहे. फॉर्म आणलेला आहे. राग मानू नये.' पूर्णविराम दिला आणि पाटी दोन्ही हातांनी विश्वनाथरावांपुढे धरली.

त्यांनी वाचलं. मुलानेही मान लांब करून वाचलं आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. विश्वनाथरावांनी माझ्याकडे बघितलं, माझ्याशेजारी उघड्या ठेवलेल्या पुस्तकाकडे बघितलं, मग आबांकडे. आबा इंजिनाशेजारी उकिडवे बसले होते, आणि डिझेलचा कॉक त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. गिरणीवाला माणूस तो. त्याने पाटी घेतली आणि माझ्या ओळींखाली, न पुसता, लिहिलं, 'शिकू द्या. अन् आता बंद करा मिस्त्री, डिझेल जळून राह्यलं.'

आबांनी वाचलं. मग त्यांनी इंजिनाकडे न बघता हात मागे नेला आणि कॉक बंद केला. वीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाला ते कसं बंद करायचं हे माझ्या पुस्तकातून कळायचं राहिलं नव्हतं, हे मला तेव्हा, त्या हाताकडे बघताना, कळलं.

इंजिन दोन-चार वेळा अडखळलं आणि गप्प झालं. रांगेतली माणसं बादल्या हातात धरून तशीच उभी राहिली. आत्याला वाचता येत नव्हतं. ती या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती.

"काय ठरलं?" ती म्हणाली.

सांगायचं काम विश्वनाथरावांचं नव्हतं. माझं तर नाहीच. आबा उभे राहिले. आवाज बंद झाला होता तरी ते ओरडूनच बोलले, कानांना सवय झालेली.

"आक्का, न्हाई. पोरगी शिकनार हाय."

गल्लीने ऐकलं. मला वाटतं पार मोतीबागेपर्यंत ऐकू गेलं असेल. आत्याने डोक्यावरचा पदर नीट केला. धुराने काळी पडलेली भिंत, दोन पिंपं, बादल्यांची रांग आणि मधोमध वाफा टाकणारं ते धूड, हे सगळं तिने सावकाश बघून घेतलं.

"किसन," ती म्हणाली, "एवढं सांगायला तुला एवढं मोठं इंजिन लागलं का रे?"

आबा चिंधीने हात पुसत राहिले.